टिकलीवरचा आळ

"अक्का, लवकर बाहेर ये! टिकली प्रदक्षिणा घालायला लागलीय बघ."

गिरिजाची हाक आली तेव्हा माझी भाकरी तव्यावर होती. गॅस बारीक केला आणि पिठाच्या हातांनीच मागच्या अंगणात आले. टिकली पेरूच्या झाडाभोवती गोल गोल फिरत होती. एकाच बाजूनं, डावीकडून. मान कललेली, नाक जमिनीला लागलेलं, आणि चाल अशी की जणू कुणीतरी तिला दोरीनं ओढून फिरवतंय. गिरिजा पायरीवर बसून हसत होती. मलाही आधी हसूच आलं. मग मी टिकलीला हाक मारली. तिनं कान टवकारले, माझ्या दिशेनं निघाली, आणि वाटेतल्या हौदाच्या कठड्यावर तिचं तोंड आपटलं. मागं सरली आणि पुन्हा तिथंच आपटली.

गिरिजाचं हसू थांबलं. "अक्का, हिला दिसत नाही का गं?"

एवढ्यात जिन्यावरून आत्या खाली आली. हातात ज्वारीचा रिकामा डबा होता. गच्चीवर पाखरांना दाणे घालून ती नुकतीच येत होती. टिकलीकडे बघून म्हणाली, "सर्दी मस्तकात गेली असेल. हळदीचं दूध दे तिला."

आमचं घर मिरजेत. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण, आणि शिवानंदशी लग्न झाल्यापासून माझी सासू. लग्नानंतरही मी तिला आत्याच म्हणत राहिले आणि अगं-तुगंच करत राहिले. गिरिजा तिची धाकटी लेक. नात्यानं नणंद, पण लहानपणापासून मला अक्का म्हणायची तिची सवय काही सुटली नाही. शिवानंद साखर कारखान्यात केमिस्ट. गळीत हंगाम सुरू झाला की तो तिकडच्या क्वार्टरमध्येच राहायचा. त्यामुळं थंडीभर घरात आम्ही तिघी बायका आणि कपाळावर काळा ठिपका असलेली टिकली.

गिरिजा शाळेत गणित शिकवायची. शिकवता शिकवताच तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. डॉक्टरांनी घरच्यांपैकी कुणी देईल का असं विचारलं, तेव्हा आत्यानं त्यांना वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. "माझ्याच अंगातून आलीय ती. तिला द्यायला आणि कुणाला विचारायचं?" ऑपरेशन आदल्या वर्षी झालं होतं. गिरिजाचा चेहरा पुन्हा भरला, शाळा पुन्हा सुरू झाली. अंगानं किडनी टाकून देऊ नये म्हणून गिरिजाची रोगाशी लढायची ताकद दाबून धरणारी औषधं मात्र जन्मभर घ्यायची होती. उकळलेलं पाणी, गर्दीत मास्क, कच्चं काही खायचं नाही, हे सगळं आम्ही काटेकोर पाळत होतो. टिकलीबद्दलही मी मुद्दाम विचारलं होतं. स्वच्छ ठेवा, अंथरुणात घेऊ नका, एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

मी त्याच दुपारी टिकलीला रिक्षात घालून डॉ. नदाफ यांच्याकडे नेलं. बाई अबोल, पण जनावराला हात लावायची त्यांची रीत अशी की ते आपसूक शांत व्हायचं. त्यांनी टिकलीच्या डोळ्यांवर उजेड टाकला. मग नाकाच्या हाडावरून बोट फिरवत आणलं आणि एका जागी थांबवलं.

"ही गाठ कधीपासून आहे?"

मला गाठ दिसलीच नव्हती. बोराएवढी होती.

"सर्दी दिवाळीपासून आहे," मी म्हटलं. "एकाच नाकपुडीतून घट्ट येतं. मध्ये शिंकली तर फरशीवर रक्ताचे थेंब पडले होते. आम्हाला वाटलं, थंडीचं असेल."

त्यांनी गाठीत बारीक सुई घातली, काचेवर थेंब घेतला, त्यात काळी शाई मिसळली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसल्या. मग मला म्हणाल्या, "या, बघा."

काळ्या शाईत पांढरे गोल होते. चंद्राला खळं पडतं तसं प्रत्येकाभोवती एक कडं. दिसायला सुंदर होते, खोटं कशाला सांगू.

"बुरशी आहे ही," डॉ. नदाफ म्हणाल्या. "श्वासाबरोबर नाकात शिरते. बहुतेकदा तिथंच मरून जाते. नाही मेली की नाकात घर करते आणि तिथून वर सरकते. हिचं ते गोल फिरणं, न दिसणं... मला वाटतं, मेंदूपर्यंत पोचलीय."

"बरी होईल ना?"

"नाकातच असती तर तुम्हाला छातीठोकपणे हो म्हटलं असतं." त्यांनी टिकलीच्या मानेखालून हात काढला नाही. "गोळ्या सुरू करू. नक्की कुठली बुरशी ते कळायला नमुना बाहेर पाठवते."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. तिथंच चुकलं असं म्हणणार नाही, सांगायलाच हवं होतं. पण 'बुरशी' आणि 'मेंदू' हे दोन शब्द ऐकताच आत्याचा चेहरा बदलला.

"तिला इथं ठेवायचं नाही."

"आत्या, अगं, आजारी आहे ती."

"म्हणूनच म्हणतेय! माझ्या पोरीच्या अंगात शिंक सोसायचं बळ नाही, आणि ही रोगाची कुत्री तिच्या पायात लोळणार?"

"आई, काहीतरीच काय," गिरिजा म्हणाली. ती भिंतीला टेकून बसली होती आणि अंगठ्यानं कपाळ दाबत होती. "टिकली कुठं जाईल?"

"कुठंही जाऊ दे. मी एक मूल मरणाच्या दारातून ओढून आणलंय उमा. पुन्हा नाही जमायचं माझ्याच्यानं. द्यायला आता माझ्याकडं दुसरी किडनीपण नाही."

दुसऱ्या दिवशी टिकलीला परत डॉ. नदाफ यांच्याकडे नेलं. दवाखान्यामागं त्यांची एक खोली होती, तिथं त्यांनी ठेवून घेतलं. निघताना टिकली माझ्या आवाजाच्या दिशेनं आली, पण पाय डावीकडंच वळत गेले आणि ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

गिरिजा माझ्याशी त्या संध्याकाळी बोलली नाही. जेवलीही नाही. टिकलीला घराबाहेर ठेवल्याचा राग असेल असं मला वाटलं. डोकं दुखतंय म्हणाली, वह्या तपासून तपासून दुखतं म्हणाली. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं आम्ही ठरवूनही टाकलं.

पुढच्या आठवड्यात डॉ. नदाफ यांचा फोन आला. फोनवर सांगण्यासारखं नाही, या म्हणाल्या. गेले तेव्हा त्यांनी आधी टिकलीचं काही सांगितलंच नाही. दार लोटलं आणि विचारलं, "उमाताई, तुमच्या घरात कुणी आजारी आहे का? जुना दमा, साखर, असं काही?"

मी गिरिजाचं सांगितलं. बाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"नीट ऐका. ही बुरशी कुत्र्याकडून माणसाला होत नाही. टिकलीला जवळ घेतलं म्हणून कुणाला काही होणार नाही. पण टिकलीला जिथून लागली, तिथं तुमच्या नणंदबाईंचा वावर असेल तर..." त्या थांबल्या. "घरात कबुतरं आहेत का?"

माझ्या डोळ्यांपुढं आमची गच्ची आली.

ऑपरेशनच्या वेळी आत्यानं नवस बोलला होता की पोर धडधाकट घरी आली तर रोज पाखरांच्या मुखी दाणा घालीन. स्वतःचं पोट फाडलेलं असताना, टाके ओले असताना ती पहिल्यांदा गच्चीवर चढली होती. सुरुवातीला चिमण्या, साळुंक्या येत. मग कबुतरं आली आणि बाकीची हटली. पाण्याच्या टाकीखाली, पत्र्याच्या आडोशाला त्यांची वस्ती झाली. खाली विष्ठेचे थर. आत्या ते रोज खराट्यानं कोरडंच झाडायची आणि उन्हात धूळ तरंगायची. गिरिजाला कोवळं ऊन मिळावं म्हणून खुर्चीही आत्यानंच तिथं टाकली होती. गिरिजा तिथं वह्या तपासायची, आणि टिकली खुर्चीखाली किंवा टाकीखालच्या कोपऱ्यात नाक खुपसून.

"कबुतरांच्या वाळलेल्या घाणीत ती वाढते," डॉ. नदाफ म्हणत होत्या. "धुळीबरोबर उडते. चांगल्या माणसाला काही होत नाही सहसा. पण ज्याची ताकद औषधांनी दाबलेली आहे... नणंदबाईंचं डोकं वगैरे दुखतं का?"

मी घरी पोचले तेव्हा गिरिजा खिडक्या लावून, डोक्यावरून ओढणी घेऊन पडली होती. उजेड सोसवत नव्हता. दोनदा उलटी झाली होती. "अक्का," ती म्हणाली, "मला दाराच्या दोन कड्या दिसतात गं." आत्या तिच्या तळपायांना तूप चोळत होती.

मी गाडी बोलावली आणि आम्ही थेट कोल्हापूरला, तिच्या किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो. आत्याला बाहेरच्या बाकावर बसवून मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. कुत्री, बुरशी, गच्ची. मला भीती होती की कुत्र्याची गोष्ट काय सांगताय म्हणून ते उडवून लावतील. त्यांनी उडवलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि लगेच पाठीच्या मणक्यातून पाणी काढायची तयारी करायला सांगितली. ते पाणी इतक्या जोरानं आलं की डॉक्टर पुटपुटले, "केवढा दाब साचलाय." पाणी निघालं तसं गिरिजाचं कपाळ सैल झालं. कितीतरी दिवसांनी तिनं डोळे पूर्ण उघडले.

तपासणीत तेच निघालं. तीच बुरशी, तेच कड्यांचे गोल.

"वेळेत आणलंत," डॉक्टर मला म्हणाले. "औषधं लांबतील, किडनीवर ताण येईल. पण आणखी थोडे दिवस चष्म्याचं वगैरे समजत बसला असतात तर अवघड होतं."

गिरिजाला खरं काय ते सांगणं भाग होतं, थातूरमातूर सांगितलेलं ती ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. सलाईन लावलेल्या हातानं तिनं माझं मनगट धरलं.

"आईला कळलंय?"

"अजून नाही."

"सांगायचं नाही."

"गिरिजा, गच्ची बंद करायला हवी. सांगितल्याशिवाय कशी करणार?"

"दुसरं काहीतरी सांग. घर साफ करायला सांगितलंय म्हण, जाळी लावायला शिवादादाला बोलाव. पण दाण्यांचं बोलू नको." तिचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. "अक्का, तिनं मला तिची किडनी दिली. त्यानंतर तिनं जे केलं तेही माझ्यासाठीच केलं. ते असं फिरलं हे तिला कळलं तर ती जगेल का? तू तिला ओळखतेस ना?"

मी ओळखत होते.

"मग काय सांगायचं, कशानं झालं म्हणून?"

गिरिजा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "टिकलीनं झालं म्हणू."

मला ते पटलं नाही. पण आत्या आत आली तेव्हा मला तोंड उघडायची वेळच आली नाही. गिरिजानं स्वतःच सांगितलं. "आई, तू म्हणत होतीस तेच खरं. टिकलीपासूनच झालं गं मला."

आत्या पलंगाच्या कडेला बसली. तिनं गिरिजाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मग खाली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तरी मी सांगत होते. मेलीनं माझ्या पोरीच्या जिवावर उठावं!" आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

त्या आठवड्यात शिवानंद रजा काढून आला. गच्ची ओली करून, तोंडाला फडकं बांधून माणसांकडून धुऊन घेतली, चुना टाकला, चारी बाजूंनी जाळी लावली. घर निर्जंतुक करायला सांगितलंय, असं आम्ही आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "लावा." आणखी काहीच विचारलं नाही.

गिरिजाला थोडा उतार पडल्यावर मी एका सकाळी मिरजेला आले. डॉ. नदाफ यांनी कळवलं होतं की टिकलीला आता झटके येतात, खाणं सुटलंय, गोळ्या पोटात टिकत नाहीत. आता तिला सोडवणं बरं, असं त्यांचं मत होतं, आणि ते मला विचारल्याशिवाय त्यांना करायचं नव्हतं. आत्याला मी फक्त घरी कपडे आणायला जाते असं सांगून निघाले होते.

टिकली गोणपाटावर पडली होती. नाकाची एक बाजू सुजून डोळ्यापर्यंत आली होती. मी हाक मारली तर शेपटीचं टोक तेवढं हललं. मी तिच्याजवळ बसले होते, डॉ. नदाफ सुई भरत होत्या, तेवढ्यात दारात सावली पडली. बघते तर आत्या.

"तू इथं कशी? गिरिजाजवळ कोण आहे?"

"शिवा आहे. त्यानंच सांगितलं मला." ती एस्टीनं आली होती. पायऱ्या चढून धाप लागली होती. एका किडनीवरची बाई ती, तिनं धावपळ करायची नव्हती. ती सरळ येऊन खाली जमिनीवर बसली आणि जिला घरात उभी करत नव्हती त्या टिकलीचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. नाकातून येणारं सगळं तिच्या लुगड्याला लागत होतं.

"आत्या, अगं..."

"मला माहीत आहे उमा."

"काय?"

"हिनं काही केलेलं नाही ते." ती माझ्याकडं बघत नव्हती. "तू आत मोठ्या डॉक्टरांशी बोलत होतीस ना त्या दिवशी, तेव्हा एक पोरगेली डॉक्टरीण माझ्याकडं आली. घरी कुत्रं आहे का, मांजर आहे का, लिहून घेत होती. मग म्हणाली, आजी, कबुतरं आहेत का? मी म्हटलं, आहेत की, मीच दाणे घालते, रोज. तिचा हात थांबला लिहायचा. मी विचारलं, का गं बाई? तिनं सांगितलं मला. लहान होती, तिला काय ठाऊक कुणाला काय सांगायचं आणि काय नाही."

डॉ. नदाफ सुई हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मग त्या दिवशी गिरिजा म्हणाली टिकलीनं झालं, तेव्हा तू..."

"डोकं फुटत असताना पोरीनं माझ्यासाठी खोटं सांगितलं. ते मी खोटं पाडू?" आत्याचा आवाज चढला नाही. "मला कळलंय हे तिला समजलं, तर स्वतःचं दुखणं सोडून ती मला समजावत बसेल. जन्मभर. आई तुझा दोष नाही, आई तुझा दोष नाही. ते मला ऐकायचं नाही, आणि तिनं म्हणायचंही नाही. तिनं फक्त बरं व्हायचं." मग पहिल्यांदा तिनं माझ्याकडं पाहिलं. "तू सांगायचं नाहीस तिला. शपथ घालत नाही. सांगतेय."

मी मान हलवली.

आत्यानं कमरेच्या चंचीतून विभूतीची डबी काढली. विभूती ती रोज आपल्या कपाळाला लावायची. टिकलीच्या कपाळावर, त्या काळ्या ठिपक्यावर तिनं तीन बोटं ओढली. मग डॉ. नदाफना म्हणाली, "घाला." आणि सुई शिरत असताना टिकलीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. ते मला ऐकू आलं नाही, मी कधी विचारलंही नाही.

गिरिजा बरी झाली. गोळ्या पुष्कळ महिने चालल्या, किडनी मध्ये दमली, पुन्हा सावरली. तिचा एक कान थोडा कमी ऐकतो, तेवढी खूण राहिली. शाळेत गेली, पुढं मुख्याध्यापिका झाली.

आणि आत्या बोलत राहिली. आलं-गेलं कुणी तब्येतीची चौकशी करायला लागलं की ती गिरिजासमोर, मोठ्यानं सांगायची. "एक कुत्री पाळली होती आम्ही, तिच्यापायी माझी पोर जायची वेळ आली होती बाई!" कधी शिव्याही द्यायची. गिरिजा मान खाली घालून ऐकायची. ती आत निघून गेली की आत्याही गप्प व्हायची, आणि हातातलं काम तसंच राहायचं. त्यांच्यामध्ये मी. एकीला वाटायचं दुसरीला ठाऊक नाही, दुसरीला ठाऊक होतं की पहिलीला तसं वाटतं. पुष्कळ वेळा ओठावर आलं की दोघींना समोरासमोर बसवून सांगून टाकावं. पण त्या दोघी एका ताटात जेवायच्या, एकमेकींच्या औषधाच्या वेळा सांभाळायच्या, संध्याकाळी अंगणात बसून एकमेकींच्या केसांना तेल लावायच्या. यातलं काय मोडेल आणि काय जुळेल, हे मला कधी ठरवता आलं नाही.

आत्या गेल्या वर्षी गेली. झोपेत, सुखानं गेली. पाहुणे परतल्यावर गिरिजा आणि मी तिच्या खोलीत लुगड्यांच्या घड्या घालत बसलो होतो. गिरिजानं एक घडी मांडीवर घेतली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिली.

"अक्का, एका गोष्टीचं मात्र समाधान आहे बघ."

"कसलं गं?"

"आईला शेवटपर्यंत कळलं नाही."

मी हातातलं लुगडं उलगडलं, पुन्हा काठाला काठ लावला.

"हो," मी म्हटलं. "नाही कळलं."